आठव्या पिढीची अट

वस्तू जुनी झाली की नाही हे तिच्या मालकाने ठरवायचं, असा आमच्या रत्नागिरीकडे एक भाबडा समज आहे. छत्रीचं कापड विरलं तर कापड बदलायचं. काड्या आजोबांच्या, दांडा वडिलांचा आणि कापड आपलं, तरी छत्री एकच. पाटा गुळगुळीत झाला तर त्याला टाकी लावून घ्यायची. पातेल्याची कल्हई गेली तर कल्हईवाल्याला हाक मारायची, पातेलं गटारात टाकायचं नाही. कौलारू घर असेल तर वैशाखात कौलं परतून घ्यायची, म्हणजे फुटकी तेवढी काढून त्या जागी नवी सरकवायची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस डोक्यावर घेणाऱ्या गावाने हे शास्त्र अनुभवाने बसवलेलं आहे. ‘अपग्रेड’ हा शब्द आमच्याकडे उशिरा आला. ती क्रिया मात्र आमच्या आज्या मुकाट्याने करत आल्या होत्या.

या समजाला पहिला सुरुंग लावला तो संगणकाने.

मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी जी निवृत्त मंडळी वारा खायला येतात, त्यांचे विषय वर्षानुवर्षं ठरलेले होते: गुडघे, जावई आणि मुंबई-गोवा महामार्ग. २०२५ च्या गणपतीनंतर त्यांत एका चौथ्या विषयाची भर पडली.

“काय हो, चौदा ऑक्टोबरला बंद पडणार म्हणे?”

“काय? हायवेचं काम?”

“ते बंद पडायला आधी चालू कुठे होतं! संगणक हो, संगणक. विंडोज दहा.”

मग कुणाच्या तरी भाच्याने पुण्याहून सांगितलेलं असायचं की नवा घ्यायलाच हवा, कुणाच्या जावयाने बंगळूरहून सांगितलेलं असायचं की काही नको घ्यायला, आणि दोघांच्याही मताला अनुक्रमे भाचा आणि जावई यांच्याइतकंच वजन मिळायचं. घाबरलेले मात्र सगळे होते. चौदा तारखेला रात्री बाराच्या ठोक्याला संगणकातून धूर येईल अशा बेताने एकाने आदल्या दिवशीच त्याची वायर काढून ठेवलीन.

आता खरी गोष्ट काय ती सांगतो, कारण दुकानात ती कुणी धड सांगत नाही. विंडोज १० बाजारात आली २९ जुलै २०१५ रोजी. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने तिचा आधार काढून घेतला. आधार काढून घेतला म्हणजे संगणक थांबला नाही. पंधरा तारखेच्या सकाळी तो नेहमीसारखाच कुरकुरत उठला. फरक एवढाच की, तुमच्या आवाराच्या गडग्याला नवं भगदाड पडलं तर ते बुजवायला कंपनीचा गडी यापुढे येणार नाही. ज्यांना लगेच हलायचं नव्हतं त्यांच्यासाठी नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक वर्षाची वाढीव मुदतही ठेवलेली होती. चोर आत येणारच असं नाही, पण दार उघडं आहे हे चोरांना ठाऊक असतं. इथवर माझी काही तक्रार नाही. दहा वर्षं राबलेल्या गड्यालाही कधीतरी रजा हवीच.

भांडण पुढे आहे. गडी म्हणतो, “मी शेजारच्या नव्या घरात कामाला येईन, विंडोज ११ मध्ये. फुकट येईन. पण तिथे राहायला यायचं तर तुमचं यंत्र कुळवंत हवं.” विंडोज ११ जाहीर झाली जून २०२१ मध्ये आणि तिच्याबरोबर अटींची यादी आली: टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असला तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आम्हां कोकणातल्या माणसांना पिढ्या मोजायची सवय आहे. मूळ पुरुषापासून आपली पिढी कितवी हे लग्नाच्या बैठकीत पटकन सांगता आलं पाहिजे असा दंडक होता. पण आठवी पिढी सोयरिकीला चालेल आणि सातवी नाही, असं आमच्या कडक आत्याबाईंनीही कधी म्हटलं नव्हतं.

इंटेलची सातवी पिढी काही पेशवाईतली नव्हे. ती घरच्या संगणकांत आली २०१७ च्या जानेवारीत. म्हणजे २०१७ साली एखाद्या गृहस्थाने बोनसचे पैसे मोजून नवाकोरा, खोक्यातला संगणक घरी आणला, हळदकुंकू लावून टेबलावर ठेवला, तर चारच वर्षांनी त्याला कळलं की हे यंत्र यादीत बसत नाही, आणि आठ वर्षांनी त्याचा आधार गेला. यंत्र बिघडलं नव्हतं. हळूही झालं नव्हतं. ते फक्त यादीत नव्हतं.

टीपीएम ही थाप नव्हे, हेही सांगायला हवं. तुमच्या किल्ल्या ही चिप निराळ्या कप्प्यात जपते, यंत्र सुरू होताना कुणी आत शिरून फेरफार केलेला नाही ना ते बघायला मदत करते, आणि डिस्क कुलूपबंद करायची तर तिची किल्लीही तीच सांभाळते. चांगली गोष्ट आहे. पण गंमत अशी की सहाव्या-सातव्या पिढीच्या कित्येक यंत्रांत हीच सोय आतच बसवलेली होती. कित्येकदा ती नुसती बंद असायची. म्हणजे कुलूप होतं, किल्ली होती, नडलं फक्त कूळ. आणि कुळाच्या नियमालाही अपवाद निघाला. मायक्रोसॉफ्टने स्वतः विकलेल्या सरफेस स्टुडिओ २ या महागड्या संगणकात सातव्या पिढीचा एक प्रोसेसर होता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये यादी सुधारली गेली तेव्हा नेमका तो प्रोसेसर आत घेतला गेला. घरच्या जावयाला पंक्तीत पाट आणि बाकीच्यांनी पडवीत थांबावं, हा प्रकार आम्ही कुठेतरी पाहिला आहे असं तुम्हालाही वाटलं असेल.

या विषयावर मी आमच्या दुकानदाराशी एकदा बोलून पाहिलं. तरुण मुलगा, चुणचुणीत.

“काका, हे सपोर्टेड नाही. भंगारात टाका.”

“अरे पण चालतोय.”

“चालतोय हो. पण सपोर्टेड नाही.”

“साठीनंतर आम्हीही तसेच असतो,” म्हटलं, “चालतो, पण सपोर्टेड नाही. म्हणून काय...”

त्याने हसून नव्या मॉडेलचं रंगीत पत्रक माझ्या हातात दिलं. त्याच्या व्यवसायात वाक्य पूर्ण ऐकायची पद्धत नाही.

आता कुणी म्हणेल की प्रमाणं बदलतात, जग पुढे जातं, तुम्ही म्हातारे उगाच आडवे येता. प्रमाणं बदलतात हे आम्हाला कुणी शिकवायला नको. १ एप्रिल १९५७ ला या देशाने रुपयाचे सोळा आणे मोडून शंभर नये पैसे केले. खेड्यापाड्यांत निम्म्याहून कितीतरी अधिक लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि तरीही तो बदल पचला. का पचला? कारण कुणी असं म्हटलं नाही की उद्या सकाळपासून तुमच्या कनवटीची चवली-पावली कचरा. चार आण्यांचं नाणं पंचवीस पैसे म्हणून चाललं, आठ आण्यांचं पन्नास म्हणून चाललं. जुनं आणि नवं एका गल्ल्यात नांदलं. पुढे २०११ च्या जून महिन्यात पंचवीस पैशांचं नाणं व्यवहारातून बाद झालं, तोवर लोक त्याला चार आणेच म्हणत होते. मालकाच्या खिशाला हात न लावता माप बदलता येतं, याचा हा नमुना आहे. गरीब सरकारला जे जमलं ते जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांत मोडणाऱ्या कंपनीला जमत नाही हे मला पटत नाही. तिला ते करायचं नव्हतं, एवढंच पटतं.

आणि हा सगळा व्याप कशासाठी? विंडोज ९५ ला चालायला ४ एमबी मेमरी पुरे होती. विंडोज ११ ची किमान मागणी ४ जीबी, म्हणजे हजारपटीहून थोडी जास्तच. या तीस वर्षांत माझं लिखाण हजारपट झालेलं नाही. सत्यनारायणाच्या पूजेचं आमंत्रण तेव्हाही अर्ध्या पानाचं होतं, आताही अर्ध्या पानाचंच आहे. प्रसादही तेवढाच. फक्त आमंत्रणाच्या कडेला फुलांची वेल हवी की मोर हवा हे विचारायला आता संगणक अधिक वेळ घेतो.

मात्र पत्रकवाल्यांवर तोंडसुख घेताना जेटीवरच्या दुसऱ्या पक्षालाही मोकळं सोडता येत नाही. हा पक्ष टिकाऊंचा. यांचं तत्त्वज्ञान दोन शब्दांचं: “चालतंय ना?” विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी पुढे कितीतरी वर्षं तिच्यावरून बँकेचे व्यवहार करणारे महाभाग मी पाहिले आहेत. यांच्या घराला जांभ्याची दीड हात रुंद भिंत असते, दाराला आडणा असतो, मागल्या दारी कुत्रा असतो, आणि आयुष्याची पुंजी मात्र बारा वर्षांपूर्वी कुलूप मोडलेल्या पेटीत. काटकसर ही नव्हे. पातेल्याला कल्हई नको म्हणून पितळेतच आमटी उकळायची आणि वर पोटाला दोष द्यायचा, त्यातली ही गत.

उशीर करण्याचं काय होतं याचा दाखला आमच्या गावातच उभा आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याला शोभेसं घर हवं असं ठरता ठरता आणि बांधता बांधता राजवाडा पुरा झाला १९१० च्या सुमारास. १९१६ साली राजा वारला. चोवीस वर्षं वाट पाहिली आणि उपभोग घेतला जेमतेम सहा. बिचाऱ्याच्या हातात काही नव्हतं, निर्णय दुसऱ्यांचे होते. आपल्या हातात असून जो चोवीस वर्षं थांबतो, त्याला राजवाड्यातून समुद्र बघायला मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी करून घ्यावं लागतं.

तेव्हा बदलायचा कधी? माझं म्हणणं असं की ती तारीख कामाने ठरवावी. कंपनीच्या कॅलेंडरने नव्हे आणि आपल्या चिक्कूपणानेही नव्हे. यंत्र हळू झालं म्हणून रडणाऱ्या दहांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं असतं. ती काढून तिथे एसएसडी बसवली की म्हातारा काठी टाकून चालू लागतो. मेमरी चार जीबी असेल तर आठ करावी, पंख्यातली धूळ झाडावी, घड्याळ मागे पडत असेल तर आतलं नाण्याएवढं सेल बदलावं. समुद्राच्या खाऱ्या हवेने मेमरीच्या पट्टीचे दात काळवंडतात. पुष्कळदा पट्टी काढून शाळकरी खोडरबराने दात हलके घासले की मेलेला संगणक उठून बसतो. ही कौलं परतणं झालं.

वासे बदलायची पाळी येते तेव्हा मात्र हिशेब निराळा. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डावर बसत नाही, नवा बोर्ड घेतला तर त्याला जुनी डीडीआर३ किंवा डीडीआर४ मेमरी चालेलच असं नाही, कारण प्रत्येक पिढीच्या पट्टीची खाच मुद्दाम वेगळ्या जागी असते. अशा वेळी एकेक सुटा भाग आणत बसणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तिथे नवं यंत्र घ्यावं आणि मोकळं व्हावं. आणि यंत्र धडधाकट आहे, फक्त यादीत नाही, अशी केस असेल तर लिनक्स हा फुकटचा मार्ग आहे. पत्र लिहिणं, बँक, नातवाचं तोंड बघणं, सगळं त्यावर होतं. आठ दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, पण तसं तर मुलीच्या सासरीही वाटतं.

“थांबा, पुढच्या वर्षी स्वस्त होईल,” हा सल्लाही आता डोळे मिटून देऊ नये. गॉर्डन मूर यांनी १९६५ साली चिपवरच्या घटकांची संख्या भराभर दुप्पट होत जाईल असं भाकीत केलं, आणि पुढे अनेक दशकं थांबणारा माणूस सहसा फायद्यात राहिला. पण २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य कोठारांनी मेमरी इतकी ओढली की घरगुती पट्ट्यांचे भाव हापूसच्या पहिल्या पेटीसारखे चढले. म्हणजे एका हाताने सांगायचं नवं घ्या, आणि दुसऱ्या हाताने भाव वर न्यायचा.

हे सगळं पैशापुरतं असतं तर मी एवढा आवाज चढवला नसता. पैसा जातो, पुन्हा येतो, निदान येतो असं आम्ही एकमेकांना सांगतो. पण जुन्या यंत्राबरोबर दुसरंही काही जातं, आणि ते मराठी माणसाच्या घरातून जास्त जातं.

आमच्या अप्पाकाकांनी २००२ साली कुलवृत्तांताची सुधारित आवृत्ती संगणकावर टाइप करायला घेतली. गुहागरपासून राजापूरपर्यंत एसटीने हिंडून त्यांनी नावं गोळा केली. छापील जुन्या आवृत्तीत मुलग्यांचीच वंशवेल होती. लेकींच्या नावी एक आडवी रेघ. अप्पाकाका म्हणाले, “रेघ कसली ओढता? माणसं आहेत ती.” आणि त्यांनी प्रत्येक लेकीचं नाव, तिचं सासर, तिची मुलं, सगळं घातलं. सहाशे पानं झाली. २०११ साली ते गेले. छापायचं राहिलं.

ती सहाशे पानं त्या काळच्या एका मराठी पॅकेजात आहेत. युनिकोड घरोघरी पोचण्यापूर्वी प्रत्येक पॅकेजचं राज्य वेगळं होतं. पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण आत इंग्रजी अक्षराच्या जागेवर तो भाडेकरू म्हणून राहायचा. पॅकेजाबरोबर एक कुलूप यायचं, ते संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या लांबुळक्या भोकात खोचायचं. नव्या संगणकांना ते भोकच नाही. दुकानदाराने फाइल अगदी इमानाने नव्या संगणकावर उतरवून दिलीन. उघडली, तर आमच्या मूळ पुरुषाचं नाव होतं कंस, टिंब, डॉलर. आणि अप्पाकाकांनी रेघेतून बाहेर काढलेल्या सगळ्या लेकी पुन्हा चिन्हांत गडप झालेल्या.

म्हणून आमचा म्हातारा संगणक माळ्यावर गेलेला नाही. इंटरनेटची वायर काढून, पांघरूण घालून तो कोपऱ्यात बसलेला आहे. त्याच्यावरून एकेक प्रकरण बाहेर काढायचं, युनिकोडमध्ये फिरवायचं, मग सुटलेले रफार आणि मोडलेली जोडाक्षरं हाताने जुळवायची, असा उद्योग आमची सूनबाई रोज रात्री तासभर करते. “अहो बाबा, ही दुर्गा आत्या की दुगा आत्या?” असं विचारते. मला माहीत असतं तोवर ठीक आहे. मला माहीत असेपर्यंतच ठीक आहे, हेच मी त्या पत्रकवाल्यांना सांगू पाहतो. अशा पेट्या कितीतरी घरांत, देवळांच्या कार्यालयांत, छोट्या छापखान्यांत पडून आहेत. ‘भंगारात टाका’ म्हणणाऱ्याने आधी विचारावं की आत कोण आहे. आणि तुम्हीही यंत्र बदलण्याआधी ज्या फाइली मोलाच्या वाटतात त्या नव्या यंत्रावर नुसत्या उतरवू नका, उघडून वाचून बघा.

माझी मागणी फार मोठी नाही. कंपनीने नवं काढू नये असं मी म्हणत नाही; खुशाल काढावं. पण लोणच्याच्या बाटलीवर तारीख असते, खोकल्याच्या औषधावर असते, मग हजारो रुपयांच्या संगणकाच्या खोक्यावर का नसावी? ‘या यंत्राला अमुक सालापर्यंत सांभाळू’ एवढी ओळ विकताना छापा. मग २०१७ साली घेणारा डोळे उघडे ठेवून घेईल. युरोपात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅब्लेट विकणाऱ्यांना विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं सुधारणा पुरवण्याचं बंधन आलं आहे, आणि त्यामुळे तिकडचा समुद्र काही आटलेला नाही. आपल्याकडेही २०२२ साली ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. हक्क मान्य केलाच आहे तर तारीख छापायला लावणं ही पुढची सोपी पायरी आहे.

तोवर आमच्याकडे कौलं परतणं चालू राहील. घर पडायला झालं की नाही हे आत राहणाऱ्याला बाहेरच्या मुकादमापेक्षा जास्त कळतं. वासा कधी करकरतो ते रात्री त्यालाच ऐकू येतं. तो करकरला की आम्ही आपणहून उठू, पण सामान बाहेर काढायला सवड ठेवून. लेकी आत असताना कुणी घर पाडायला आलं, तर मात्र त्याने आठवी पिढी दाखवली काय किंवा अठरावी, आम्ही दारातच उभे राहणार.